दारावरचा डॉक्टर

"तुमा डॉक्टर लोकाईचं एक मले पटत नाही, बाई," काका म्हणाले. "मानूस दारात आला, की तुमी त्याले पाह्यता अन् ठरवून टाकता. हा ठेवा, हा पुढं न्या, ह्याले घरी जाऊ द्या. आमी काय बैलबाजारात आलो का, दात पाहून निवडाले?"

निमित्त कामरगावातल्या एका लग्नाचं होतं. पंगती उठल्या होत्या, मांडवात पंखा नावापुरता फिरत होता आणि वाद घालायला दोघांनाही भरपूर वेळ होता. काका सोयाबीन-तुरीचे शेतकरी, ग्रामपंचायतीचे माजी सदस्य आणि एका जुन्या बोलेरोचे मालक. रात्री-बेरात्री गावात कोणी अडलं की हीच बोलेरो निघते. कारंजा, मूर्तिजापूर, अमरावतीचं इर्विन आणि डफरीन, अकोल्याचं सर्वोपचार या सगळ्या दवाखान्यांची फाटकं काकांना पाठ आहेत, आतले वॉर्ड तेवढे नाहीत. गाव वाशिम जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, त्यामुळे सातबारा वाशिम जिल्ह्यातला आणि आजारपण अमरावतीचं, अशी इथली रीत आहे.

समोर बसलेली डॉक्टर या गावची लेक. मेडिसिनची एम.डी. राज्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात तिनं कॅज्युअल्टीच्या रात्रपाळ्या काढल्या. घरात ती काकांशी वऱ्हाडीत बोलते, पण वाद पेटला की तिची भाषा कॉलेजातली होते. त्या दुपारी ती पहिल्या वाक्यापासूनच कॉलेजातली होती.

डॉक्टर: भावच करायचा असता काका, तर जो जास्त पैसे मोजेल त्याला आधी घेतलं असतं. रात्री अकरा वाजता कॅज्युअल्टीत तीस-पस्तीस माणसं असतात. वॉर्डात एखादी खाट मोकळी, कधी तीही नाही, मग खाली गादी. आयसीयूत सगळे व्हेंटिलेटर लागलेले. यातले कोण आत जाणार, कोणाला दोन तास डोळ्यांपुढं ठेवायचं आणि कोणाला गोळ्या देऊन घरी पाठवायचं, हे कोणीतरी ठरवणारच ना? डॉक्टरनं नाही ठरवलं तर आमदाराचा फोन ठरवतो. नाहीतर ज्याच्यासोबत पंधरा माणसं आली तो ठरवतो.

काका: फोन तर मीबी लावतो. खोटं काहून बोलू?

डॉक्टर: लावा. पण तुमच्या फोनानं एक जण आत गेला की दुसरा कोण बाहेर राहिला, ते तुम्हाला कधी दिसत नाही. मला दिसतं.

मग तिनं नेपोलियनच्या सैन्यातल्या लारे नावाच्या शल्यचिकित्सकाची गोष्ट सांगितली. जखमींत जखम पाहायची, हुद्दा पाहायचा नाही, असा दंडक त्यानं घातला आणि १८१२च्या रशियन मोहिमेच्या आठवणींत लिहूनही ठेवला. त्याआधी सरदाराचं खरचटणं शिपायाच्या फुटलेल्या पोटापेक्षा मोठं मानलं जाई.

काका: म्हंजे साहेब अन् शिपाई एकाच लाइनीत?

डॉक्टर: लाइनच नाही. लाइन असली की जो आधी आला तो आधी. इथं आधी कोण मरेल ते पाहायचं.

हे तिनं फार सरळ सांगितलं. बाजूला खुर्च्या रचणारा पोरगा हात थांबवून पाहायला लागला.

अमेरिकेत वॉर्डातल्या भरती रुग्णांचं काम पाहणाऱ्या फिजिशियनांना १९९६ साली 'हॉस्पिटलिस्ट' असं वेगळं नाव मिळालं. पुढं तिथल्या काही मोठ्या रुग्णालयांत त्यांच्यातल्याच एकाकडं फक्त दारावरचं काम देऊ लागले. कॅज्युअल्टीतून आलेला फोन, दुसऱ्या गावच्या दवाखान्यातून आलेला फोन त्यानं घ्यायचा आणि वॉर्ड, आयसीयू की घर ते सांगायचं. आपल्याकडं हे काम पडतं मेडिसिनच्या रेसिडेंटच्या पदरात. पंचविशीतला, आदल्या रात्रीपासून जागा, जेवलेला असेल-नसेल. रुग्णालयातला सर्वांत अवघड निर्णय आपण सर्वांत लहान डॉक्टरच्या हाती देतो आणि अनुभवी माणूस सकाळच्या राउंडला येतो. ही मांडणी उलटी आहे असं मला वाटतं. डॉक्टरलाही वाटतं, फक्त ती काकांसमोर म्हणाली नाही.

काका: बरं, मंग एका मिनिटात तुले समजते तरी काय?

डॉक्टर: श्वास. माणूस पूर्ण वाक्य बोलतो का, की दोन शब्दांनंतर दम घेतो. नख दाबून सोडलं तर लाली दोन सेकंदांत परत येते का. हातपाय गार आहेत का. विचारलं त्याचं उत्तर देतो का, भलतंच बोलतो. नाडी, रक्तदाब, बोटाला ऑक्सिजनचं यंत्र. ओरडणं मी सगळ्यांत शेवटी मोजते.

काका: हे पाह्य! ज्याले दुखते तो वरडनच ना.

डॉक्टर: लाल विंचू चावलाय आणि माणूस पाय आपटत बोंबलतोय, कळ मांडीपर्यंत चढलीय, तर मला जरा हायसं वाटतं. त्याच्याच शेजारी एखादं पोरगं असतं, त्याला दुखत फारसं नाही. पण घामानं निथळतंय, ओकाऱ्या होताहेत, हातपाय गारठलेत. त्याला आधी घ्यायचं. विष त्याच्या हृदयापर्यंत पोचलंय आणि काही तासांत फुप्फुसात पाणी भरेल. हे आम्हाला कोणी साहेबानं शिकवलं नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी कोकणात एकेका रोग्याच्या उशाशी बसून हे टिपलं. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यावर चालते, हे त्यांनी दाखवलं. १९८०च्या दशकात 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. पद्मश्री मिळायला २०२२ उजाडलं.

काका: अन् साप?

डॉक्टर: घोणस चावली की पाय सुजतो, दुखतो, सगळ्यांना दिसतं. मण्यार रात्री झोपेत चावते. खूण दिसत नाही, दुखत नाही. पहाटे पोटात दुखतंय म्हणून माणूस उठतो, घरचे ओवा देतात. मग पापण्या जड होतात, बोलणं बोबडं होतं. पाहणाऱ्याला वाटतं झोप पुरी झाली नाही. त्यानंतर श्वास थांबतो. कॅज्युअल्टीत असा माणूस बाकड्यावर गुमान बसलेला असतो आणि धामण चावलेल्याचे पाहुणे टेबलावर हात आपटत असतात. मी त्या गुमान बसलेल्याकडं आधी गेले की टेबलवाले माझा व्हिडिओ काढतात.

काका काही वेळ काही बोलले नाहीत. सापाबद्दल त्यांना स्वतःचंही बरंच ठाऊक होतं आणि तिनं सांगितलेलं त्याच्याशी जुळत असावं. पण हरणाऱ्यातले ते नव्हेत.

काका: ठीक हाये. निवड तुई, तुले समजते, मानलं. पन ज्याले तू नाही निवडलं तो जाईन कोठी? तुमी चिठ्ठी देता. चिठ्ठीवर काय, तर 'हायर सेंटरला न्या'. त्या नावाचं गाव मी अजून पाह्यलं नाही. एका दवाखान्यात गेलो, तो म्हने बेड नाही. दुसऱ्यात गेलो, तो म्हने डॉक्टर रजेवर. तिसऱ्यात गेलो, तो म्हने पह्यले अठी काहून नाही आनलं! डिझेल माह्यं, रात्र माही, अन् मागच्या शिटावर मानूस गार होऊन राह्यला. तुई निवड एका मिनिटाची, बाई. आमचं फिरनं रातभराचं.

इथं मला मध्ये बोलावंसं वाटलं, कारण काकांची ही तक्रार देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन आलेली आहे. ८ जुलै १९९२ रोजी पश्चिम बंगालमध्ये हकीम शेख नावाचा शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला जबर मार. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग कोलकात्यातले एकामागून एक सरकारी दवाखाने. कुठं खाट नाही, कुठं सोय नाही. शेवटी खासगी रुग्णालयात सुमारे १७,००० रुपये खर्चून तो वाचला आणि त्याची शेतमजूर संघटना न्यायालयात गेली. ६ मे १९९६ रोजी निकाल लागला: तातडीच्या रुग्णाला सरकारी दवाखान्यानं वेळेवर उपचार न देणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब सरकारला चालणार नाही. २५,००० रुपये भरपाई मिळाली. त्याहून मोलाची होती ती न्यायालयानं सांगितलेली एक साधी व्यवस्था: खाट कुठं मोकळी आहे हे राज्य पातळीवर एका जागी कळावं, म्हणजे रुग्णाला थेट तिथंच धाडता येईल.

काका: शाण्णव साली सांगतलं? मंग ते हाये कोठी?

डॉक्टर: १०८ आहे की. २०१४ साली राज्यात ९३७ गाड्यांनी ती सेवा सुरू झाली, त्यांत डॉक्टर असतो.

काका: गाडी हाये, मी कोठी नाही म्हनतो? बाळंतिणीले १०८नंच नेलं मागं. मी गाडीचं नाही विचारून राह्यलो. गाडी ज्या फाटकावर उभी राहीन, तठी आत जागा हाये का, ते निघाच्या आधी कोन सांगन?

डॉक्टरनं उत्तर दिलं नाही, विषय थोडा फिरवला. तिचा मुद्दा मात्र खरा होता.

डॉक्टर: तुम्ही सगळे 'भरती करा, भरती करा' म्हणता. कशासाठी? सरकारी नियमात प्राथमिक आरोग्य केंद्राला ६ खाटा, ग्रामीण रुग्णालयाला ३०. डोक्याला मार लागलेला तिथं भरती करून सलाईन लावली तर तुम्हाला बरं वाटेल. त्याला लागतं सीटी स्कॅन आणि मेंदूचा सर्जन. त्याला ठेवून घेणं म्हणजे त्याचे कामाचे तास खाणं. आणि साध्या तापाचा माणूस घरी बरा होतो, त्याला उगाच चार दिवस वॉर्डात ठेवलं तर दवाखान्यातलेच जंतू त्याला चिकटतात. भरती ही काही बक्षिसी नाही.

काका: बक्षिसी नाही, पन भरती झाल्याबिगर तुमची योजना लागते का?

हा टोला बसला. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. खासगी विमाही बहुधा चोवीस तासांच्या भरतीवर अडतो. तपासण्या, औषधं, जाणं-येणं यांत खिसा रिकामा होतो तो भरतीच्या आधी, आणि त्याला कार्ड चालत नाही. मग माणूस खाट मागतो, कारण पैशाची वाट खाटेवरून जाते. सलाईनच्या हट्टाला आपण अडाणीपणा म्हणून हसतो. त्यातला निम्मा अडाणीपणा योजना आखणाऱ्यांचा आहे.

डॉक्टर: मान्य. पण दारावर कोणी 'नाही' म्हणायचंच नाही, असं केलं तर काय होतं तेही पाहा. २०२३च्या ऑगस्टमध्ये ठाण्याजवळ कळव्याच्या महापालिका रुग्णालयात एका दिवसात १८ माणसं गेली. दीड महिन्यानं नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात २४ तासांत २४, त्यांत १२ नवजात बाळं. औषधांचा तुटवडा, रिकाम्या जागा, सगळी चर्चा झाली, व्हायलाच हवी होती. पण तिथले अधिकारी आणखी एक गोष्ट सांगत होते: बरेच जण दुसरीकडून अगदी शेवटच्या घटकेला आणलेले होते. खासगीवाला पैसे संपले की 'सरकारीत न्या' म्हणतो. खालचा दवाखाना जोखीम नको म्हणून 'पुढं न्या' म्हणतो. सगळ्यांचा उतार जिथं येऊन थांबतो, तिथल्या डॉक्टरनं कोणाला नाही म्हणायचं?

काका: हे तर तू माह्यंच बोलून राह्यली! वरचा तुंबते, काहून की खालचे लवकर हात झटकतात. मंग खालच्याले सांग ना, थोडं धरून ठेव म्हना.

डॉक्टर: धरून ठेवलं आणि चुकलं तर?

काका: अन् सोडलं, अन् चुकलं तर?

या प्रश्नाला तिच्याकडं आकडा होता, आणि प्रामाणिकपणे तिनं तो सांगितला, जरी तो काकांच्या बाजूचा होता. अपघातातल्या जखमींची निवड कशी करावी, यावर अमेरिकेतल्या सर्जनांच्या संघटनेनं मोजमाप घातलंय. गंभीर जखमी माणूस ओळखण्यात चूक शंभरांत पाचांच्या वर जाता कामा नये. ते साधायचं, तर मोठ्या केंद्राची गरज नव्हती असे पंचवीस ते पस्तीस टक्के लोक तिथं आले तरी चालवून घ्यायचं. म्हणजे निवडणाऱ्यानं चुकायचंच, पण ठेवून घेण्याच्या बाजूनं.

काका: हेच तर म्हनतो मी सकायपासून!

डॉक्टर: खाटा असल्या तर, काका. एका खाटेवर दोघं आणि खाली तिसरा असला, की त्या पस्तीस टक्क्यांचं ओझं गंभीर माणसाच्याच छातीवर पडतं. नर्स तीच, ऑक्सिजनची लाइन तीच.

कोविडचा विषय मग आपोआप आला. वाशिम जिल्ह्यात तो विसरता येण्यासारखा नाही. २०२१च्या फेब्रुवारीत रिसोड तालुक्यातल्या देगावच्या निवासी शाळेत दोनशेवर मुलं पॉझिटिव्ह निघाली होती आणि जिल्ह्याचं नाव देशभरच्या बातम्यांत आलं होतं. कोविडच्या दोन वर्षांत निवड डॉक्टरच्या खोलीतून बाहेर पडून घराघरांत आली. सहा मिनिटं घरातल्या घरात चाला, आधी आणि नंतर बोटाला यंत्र लावा, आकडा ९३च्या खाली गेला की निघा. कोविड केअर सेंटर, त्याच्यावर हेल्थ सेंटर, त्याच्यावर हॉस्पिटल, अशा तीन पायऱ्या गावकऱ्यांना तोंडपाठ झाल्या. मुंबईत तर महापालिकेनं चोवीस विभागांत चोवीस वॉर रूम उघडल्या. प्रयोगशाळेचा अहवाल आधी तिथं, मग तिथला डॉक्टर रुग्णाला फोन करणार, लक्षणं विचारणार आणि कोणत्या रुग्णालयातली खाट ते सांगणार. १९९६च्या निकालानं जे मागितलं होतं त्याच्या सर्वांत जवळ आपण तेव्हा पोचलो. साथ ओसरली आणि ते फोनही थांबले.

काका: तवा जमलं, आता काहून जमत नाही? इर्विन, सर्वोपचार, कारंजा, वाशिमचं नवं कॉलेज. चार फोन तर हायेत.

डॉक्टर: तेव्हा सगळे घाबरले होते, श्रीमंतसुद्धा. पण एक सांगू? निवड आम्ही करतो म्हणून तुम्ही मघापासून बोलताय. माझ्या दारात माणूस यायच्या आधी ती एकदा झालेली असते. तुमच्या घरात.

काका: ते कसं?

डॉक्टर: गड्याला छातीत कळ आली की रात्री दोन वाजता गाडी निघते. बाईला आली की 'पित्त असन' म्हणून सोडा देतात. सोयाबीनची कापणी असली की बाई आठ दिवस ताप अंगावर काढते. बाळंतिणीचं रक्त जातंय हे सासूला दिसतं, पण सासरा शेतातून आल्याबिगर कोणी हो म्हणत नाही. आमच्या पुस्तकात याला तीन उशीर म्हणतात: घरात ठरवायला, वाटेत पोचायला आणि दवाखान्यात हात लागायला. तिसऱ्याचा हिशोब माझ्याकडं मागा, मी देते. पहिल्याचा कोण देईल? माझ्या कॅज्युअल्टीत बायका पुरुषांपेक्षा उशिरा येतात आणि जास्त बिघडून येतात. त्यांना दारावरून परत कोणी पाठवलं होतं?

आता मांडवात काकूही येऊन बसल्या होत्या. त्या काही म्हणाल्या नाहीत, पण त्यांनी काकांकडं जे पाहिलं ते सगळ्यांनी पाहिलं. मला वाटलं वाद इथं संपला. काकांना तसं वाटलं नाही, आणि तेच बरोबर होते, कारण घरातल्या चुकीनं दवाखान्यातली चूक माफ होत नाही.

काका: खरं हाये तुयं. बाईमानसाचं आमी उशिरा मनावर घेतो. पन आता तू मले कामाचं सांग. गाडीत बसल्यावर मी काय पाहू?

डॉक्टर: तुम्ही गाडी चालवा, मागं बसलेल्याला श्वास मोजायला लावा. घड्याळ लावून पुरा एक मिनिट. मोठ्या माणसाचा बाविसाच्या वर, वर्षाच्या पुढच्या लेकराचा चाळिसाच्या वर गेला की दारातच तो आकडा सांगायचा. 'लय सिरियस हाये' म्हणू नका, ते सगळेच म्हणतात. आकडा सांगितला की डॉक्टर मान वर करून पाहतो.

काका: हे जमन. आता माह्यं ऐक. 'पुढं न्या' म्हनाचं असन तर चिठ्ठीवर तीन गोष्टी लिही. कोन्या दवाखान्यात न्याचं त्याचं नाव. तठी कोनाशी बोलली त्याचं नाव. अन् किती वाजले.

डॉक्टर: दवाखान्याचं नाव लिहीन, वेळ लिहीन. काय दिलं, काय तपासलं, तेही लिहीन. डॉक्टरचं नाव नाही.

काका: काहून?

डॉक्टर: उद्या रुग्ण दगावला तर लोक त्या नावालाच धरतात. डॉक्टरवर हात उचलू नये म्हणून २०१० साली राज्यात कायदा झाला. तरी रात्री वॉर्डात पोलीस बोलवावा लागतोच. निम्मे रेफर याच भीतीनं होतात, काका. जीव आपल्या दारात जाऊ नये, एवढंच. नाव लिहायला लावलं तर समोरचा फोनवर 'पाठवा' म्हणायचंच बंद करेल.

काका: अन् नाव नसलं तर तो फाटकावर 'मी कवा म्हनलो' म्हनते. मी पाह्यलं हाये ते.

डॉक्टर: मग?

काका: मंग नाव नको लिहू. नंबर दे. फाटकावरून मीच लावतो.

डॉक्टर: वॉर्डाचा देते.

काका: वॉर्डाचा फोन कोनी उचलत नाही, बाई.